ऊन सरबत

डेल्फिनचं नाक बंद होतं, आणि ही गोष्ट तिने घरात कुणालाच सांगितली नव्हती.

एरवी सर्दी ही काही लपवून ठेवायची गोष्ट नव्हे. नाताळच्या मिस्सेला चर्चच्या मैदानात गारठ्यात बसलं की निम्म्या गावाला ती होतेच, आणि मग नवीन वर्ष उजाडेपर्यंत जो तो नाकाला रुमाल लावून शेजारीपाजारी फराळाची ताटं पोचवत फिरतो. पण डेल्फिनच्या नाकाला या घरात गेल्या उपवासकाळापासून एक काम लागलं होतं. आग्नेल संध्याकाळी वाडीतून, बाजारातून, जिथून कुठून घरी आला की चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा, वाकून तिच्या तोंडासमोर "हा" करायचा, आणि ती म्हणायची, "ठीक." मग तो चपला काढून हातपाय धुवायला जायचा.

हे तिने मागितलेलं नव्हतं. व्यसनमुक्तीच्या शिबिरातून तो परत आला, त्याच संध्याकाळी त्याने आपणहून सुरू केलं. पहिल्या दिवशी तिला इतकं अवघडल्यासारखं झालं की तिने तोंडच फिरवलं.

"घे वास," तो म्हणाला होता. "माझ्या बोलन्यावर तुझा इस्वास बसायचा नाय. बसू पन नको. वास खोटं बोलत नाय."

लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या तोंडून हरतऱ्हेचं खोटं ऐकलेल्या बाईला हे पटलं. तेव्हापासून एकही संध्याकाळ चुकली नव्हती. नाकावर तिचा भरवसा बसला होता. नवऱ्यावर बसला होता का, हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं, कारण विचारायची गरजच पडत नव्हती.

आणि आता ऐन रिटाच्या साखरपुड्याच्या रविवारी नाक ठप्प. नाताळपासून रोज संध्याकाळी काडीचाही वास न येता ती "ठीक" म्हणत आली होती. खरं सांगितलं असतं तर आग्नेलने जोआनाला हाक मारली असती, "ये गं, तू घे वास," म्हणून. त्याला आता कशाचीच लाज उरली नव्हती. डेल्फिनला मात्र होती. धाकट्या जावेच्या तोंडासमोर आपला नवरा "हा" करतोय, हे चित्र डोळ्यांसमोर आलं की तिला घाम फुटायचा. म्हणून ती गप्प बसली.

मागच्या पडवीत सकाळपासून फळांचा ढीग पडला होता. विहिरीजवळच्या झाडाची पपनसं, बाजारातून आणलेली मोसंबी, आणि थोडी ईडलिंबं. आग्नेल पाटावर बसून पपनसं सोलत होता. वरची जाड साल काढायची, मग प्रत्येक फोडीचा पापुद्रा नखाने सोडवायचा, पांढरं कणभरही राहू द्यायचं नाही. पांढरं राहिलं की सरबत कडू होतं. ते काम त्याचं. मोसंबी पिळायचं काम रिटाचं. तिचे केस धुतलेले, हाताला कालची मेंदी, आणि चेहऱ्यावर काहीतरी बोलायचं असलं की येतो तो गुंता.

"आई," तिने शेवटी हळूच विचारलं, "सरबत स्टीवनकाकाच देईल ना?"

"का गं?"

"मागच्या वर्षी त्यानेच दिलं. त्याच्या आधी पण."

"मागच्या वर्षी तुझे पप्पा कुठल्या अवस्थेत होते ते तुला ठाऊक हाय."

"म्हणूनच म्हणतेय. ॲन्सेल्मच्या घरी मी सगळं सांगितलंय, आई. काही लपवलेलं नाही. पण ऐकणं वेगळं आणि समोर बघणं वेगळं. पप्पांचे हात अजून थरथरतात. कप बशीवर वाजतो. सगळे बघत बसतील. मला खूप टेन्शन येतं."

"मग त्यांनाच सांग ना."

"तूच सांग, प्लीज."

सांगायची वेळ आलीच नाही. पडवी काही एवढी लांब नव्हती. आग्नेलने मान वर न करता सोललेली फोड परातीत टाकली. "स्टीवन दील. चांगला देतो तो," म्हणाला आणि त्याने पुढचं पपनस हातात घेतलं.

डेल्फिनला लेकीचा राग आला. राग येऊन जातो न जातो तोच तिच्या लक्षात आलं, की आतून आपल्यालाही सुटल्यासारखं वाटतंय. मग तिला स्वतःचाच राग आला आणि तिने उगाचच चुलीतली लाकडं ढोसली.

सरबत देणं म्हणजे या घरात नुसतं कप पुढे करणं नव्हतं. सासरे बॅप्टिस्ट आपल्या उमेदीत प्यायला बसले की विहीर आटेल पण ते उठणार नाहीत अशा ख्यातीचे. त्यांनी एका उपवासकाळात दारू सोडली आणि पुढे थोरल्या लेकीच्या लग्नात आले-गेले विचारायला लागले, आता पाहुण्यांच्या हातात काय देणार? म्हाताऱ्याने टोपभर ऊन सरबत केलं. दालचिनी, लवंग, मिरी, आलं आणि फळांच्या सालींचं पाणी आदल्या दिवशी गुळात उकळून बरणीत मुरत ठेवायचं. दुसऱ्या दिवशी ते गाळून गरम करायचं, टोप चुलीवरून खाली उतरवायचा आणि मगच त्यात रस घालायचा. रस विस्तवावर दिसला तर बॅप्टिस्ट ओगराळं घेऊन मागे लागायचे. आणि वाढायची रीत अशी, की घरच्या थोरल्या पुरुषाने पाहुण्यांसमोर पहिला कप स्वतः भरायचा, स्वतः घोट घ्यायचा आणि मग दुसऱ्यांना द्यायचा. यात दारू नाही, माझी साक्ष, असा त्याचा अर्थ. बॅप्टिस्ट गेले आणि ओगराळं आग्नेलकडे आलं. तो पुढच्या ओटीवर सरबत द्यायचा आणि विहिरीमागे जाऊन दुसरंच काही प्यायचा. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. पुढे पुढे तर त्याला ओटीपर्यंत येणंही जमेना, तेव्हा धाकट्या स्टीवनने ते ओगराळं उचललं.

स्टीवनच्या मनात आज सरबत नव्हतंच. तो फोर्टातल्या बँकेत होता, चार लोकांत ऊठबस असणारा. व्याही सेबॅस्टियन मूळचे आपल्यातलेच, पण आता गोखिवऱ्याला नव्या बिल्डिंगीत राहत होते, आणि त्यांच्या नात्यात साखरपुड्याला टोस्ट होतोच. "सरबताने टोस्ट करायचा का, वहिनी?" असं त्याने आठ दिवसांपूर्वी हसत हसत विचारलं होतं. डेल्फिनने सांगितलं, या घरात सरबतानेच होईल. स्टीवन अजून बोलला असता, पण जोआना मध्ये पडली. "राहू दे ना आता," म्हणाली, "मी बघते काय ते."

जोआना शाळेत शिकवायची. मनाने चांगली बाई, पण प्रत्येक गोष्टीची सोय आधीच लावून ठेवायची तिला खोड. ती एवढ्या सहज "राहू दे" म्हणाली, याचं डेल्फिनला तेव्हा नवल वाटायला हवं होतं. नाही वाटलं. साखरपुड्याच्या घाईत कुठे कुणाला कसलं नवल वाटतं!

ऊन कलायला लागलं तसं तिने टोप चढवला. मसाल्याच्या पाण्याची एक बरणी स्वयंपाकघरात होती, ती स्वतः गाळून ओतली. दुसरी आणायला तिने कमळीमावशीला सांगितलं. कमळीमावशी शेजारच्या आळीतली. या घरातलं कुठलंही कार्य तिच्याशिवाय पार पडलेलं नव्हतं, आणि तोंडात मशेरी असल्याशिवाय ती कुठल्याही कार्याला हात लावत नव्हती.

"कोठीच्या खोलीत हाय बघ, खालच्या फळीवर," डेल्फिन म्हणाली.

"आनते," म्हणून ती गेली आणि पिवळ्या गळ्याची चिनी मातीची बरणी काखेत मारून आली. फडकं धरलं, बरणी उपडी केली. पाणी तसंच तांबूस, पाण्यावर आल्याचा तसाच बारीक चोथा. टोपातून वाफ यायला लागली तेव्हा दोघींनी मिळून तो खाली उतरवला.

आग्नेल रसाचं पातेलं घेऊन आला. टोपावर वाकला आणि तसाच थांबला.

मग त्याने पातेलं हळूच जमिनीवर ठेवलं, विहिरीवर गेला, बादलीतल्या पाण्याने तोंड धुतलं आणि परत येऊन टोपापासून लांब, पडवीच्या खांबाशी उभा राहिला. दोन्ही हात पाठीमागे.

"काय झालं?" डेल्फिनने विचारलं.

"यात दारू हाय."

"काहीतरीच काय!"

"हाय. आल्याच्या खाली हाय. आंबूस, गोड."

तेवढ्यात स्टीवन आला, अंगात नवा पांढरा शर्ट, गळ्यात अर्धवट बांधलेला टाय. काय चाललंय ते कळल्यावर तो टोपावर वाकला, जोरात श्वास घेतला, पुन्हा घेतला. मग चमचाभर पाणी घेऊन फुंकर मारून चाखलं.

"आलं लागतंय. लवंग लागतेय," तो म्हणाला. "वाटलं तर वाटतं काहीतरी, नाही तर नाही. दादा, आज तुझ्या मनावर जरा ताण आहे. होतं असं."

"मला कळतं, स्टीवन."

"तुला कळतं, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे." स्टीवनचा आवाज चढला नाही, उलट उतरला, आणि ते जास्त वाईट होतं. "पण समज, आहे. मग आली कुठून? या घरात दारू आणणारा दुसरा कोण आहे?"

कमळीमावशीने तोंडावर पदर धरला. दारात रिटा येऊन उभी होती, केसांत अबोलीचा गजरा, निऱ्या अजून नीट बसायच्या होत्या. तिने सगळं ऐकलं होतं.

"पप्पा," ती म्हणाली, "तुम्ही नाही ना...?"

आग्नेलने लेकीकडे पाहिलं. तो नाही म्हणाला नाही. इतक्या वर्षांत त्याने इतक्या वेळा नाही म्हटलं होतं, की आता तो शब्द त्याच्या तोंडून कुणी घेणार नाही हे त्याला समजत होतं. डेल्फिनलाही ते समजलं.

"हे बघा," स्टीवन म्हणाला, "आपण भांडत बसायला नको. वहिनी, तुम्ही सांगा. रोज वास तुम्ही घेता. तुमची चूक व्हायची नाही. तुम्ही म्हणाल ते खरं."

त्याने हे मनापासून म्हटलं होतं. रिटाही आईकडे बघायला लागली. आग्नेलसुद्धा.

डेल्फिन टोपापाशी गेली, वाकली. वाफ तोंडावर आली, डोळ्यांना लागली, गालांवर ओली झाली. वास मात्र नाही. दारूचा तर नाहीच, पण लवंगेचा नाही, दालचिनीचा नाही, अख्ख्या टोपात काही आहे याचाच पत्ता नाही. तिने पुन्हा श्वास ओढला तर नाक नुसतं सूंऽ करून राहिलं.

सांगून टाकावं, असं एकदा वाटलं. माझं नाक बंद आहे, मला काही विचारू नका. मग काय होणार? स्टीवन म्हणणार, दादाचा भास आहे, घाला रस, पाहुणे आले. भरलेले कप ओटीवर जाणार, आणि त्यातला एक आग्नेलच्याही हातात येणार. लेकीच्या साखरपुड्याचा कप बापाने कसा टाळायचा? शिबिरातल्या फादरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, एक घोट म्हणजे एकच घोट नसतो. ते खरं असेल, आणि टोपात दारू असेल, तर आज सगळं पहिल्यापासून.

आणि यानेच घातली असेल तर? घालणारा माणूस स्वतःहून कशाला बोलेल, असं कुणीही म्हणेल. पण डेल्फिन त्याच्यासोबत नांदली होती. प्यायलेल्या आणि पिऊ बघणाऱ्या माणसाचं डोकं कुठल्या वाटेने चालेल याचे हिशेब तिने पुष्कळ करून पाहिले होते आणि दर वेळी ती फसली होती. हिशेबाने हे सुटणारं नव्हतं. वासाने सुटणारं नव्हतं. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. हात थरथरताना दिसू नयेत म्हणून ते पाठीमागे बांधून तो उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर गयावया नव्हती. आजवर खोटं बोलताना ती दर वेळी असायची. आज ती नसणं हाही खोटं बोलायचाच एक प्रकार होता की काय, कोण जाणे. तो म्हणतोय, एवढंच तिच्या हातात होतं.

तिने पदराने नाक पुसलं.

"हाय," ती म्हणाली. "दारू हाय यात. कमळीमावशी, धर त्या बाजूने."

दोघींनी टोप उचलला, परसात नेला आणि केळीच्या आळ्यात उपडा केला. वाफ उठली, गूळ-लवंगेचा चिखल झाला. रिटाने डोळे मिटून घेतले.

"वहिनी!" स्टीवन म्हणाला. "पाहुणे निघाले असतील. आता काय देणार त्यांना?"

"नवीन करू. रस तसाच हाय."

"आणि मसाल्याचं पाणी?"

मसाल्याचं पाणी आदल्या दिवसाचंच हवं. ताज्या पाण्याला नुसता तिखटपणा येतो. दोन्ही बरण्या आता केळीच्या मुळाशी गेल्या होत्या.

जोआना तेव्हा आली. ओटीवरच्या खुर्च्या मांडून, रेशमी साडी सावरत. तिने रिकामा टोप पाहिला, आळ्यातली वाफ पाहिली.

"हे काय?"

"दादाला सरबतात दारूचा वास आला," स्टीवनने सांगितलं. "वहिनींनाही आला. कुठून आली, ते मात्र..." आणि तो आग्नेलकडे न बघता थांबला.

जोआनाने एकदा कमळीमावशीकडे पाहिलं, एकदा पडवीतल्या रिकाम्या बरणीकडे. गप्प राहिली असती तर कुणाला काही कळणार नव्हतं. दारू होती, ती मातीत गेली होती, आणि ती कुणी आणली याबद्दल घरात आणि गावात कुणाच्याच मनात शंका उरली नसती. डेल्फिनने तिच्या चेहऱ्यावर ते सगळं येऊन जाताना पाहिलं, आणि त्या क्षणापुरती तिला या बाईची भीती वाटली. मग जोआना वळली आणि कोठीच्या खोलीत गेली. परत आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत एक बरणी होती, पिवळ्या गळ्याची, अगदी तशीच. तिने ती जमिनीवर ठेवली आणि झाकण काढलं.

"तुमचं मसाल्याचं पाणी हे आहे, वहिनी. वरच्या फळीवर होतं. मीच सरकवलं, खाली जागा करायला." तिने झाकण बाजूला ठेवलं. "कमळीमावशीने आणली ती माझी. आईकडून आल्याची वाईन आणली होती. सेबॅस्टियन अंकलना आणि दोघा-तिघांना आमच्या बाजूला बोलवून गुपचूप थोडी थोडी देणार होते. घरात बाटली ठेवायची तर दादा सारखे आमच्याकडे, लाइटच्या माळा लावताहेत, पंखे पुसताहेत. त्यांच्या नजरेला पडायला नको म्हणून बरणीत भरली. मला वाटलं, मसाल्याच्या बरणीत कोण बघतंय."

"मला काय ठावं!" कमळीमावशी म्हणाली. "मला सांगितलं खालच्या फळीवरची आन, मी आनली. दोन्ही बरन्या सारख्या. आतलं पानी पन सारखं."

स्टीवन टायच्या टोकाकडे बघत होता.

"मला दिसू नये म्हनून बरनीत भरलीस," आग्नेल सावकाश म्हणाला, "आनि त्यातली मलाच पाजत होतीस." मग त्याला हसू आलं. मोठं नव्हे, पण खरं. ते ऐकून जोआनाला रडू कोसळलं, आणि कमळीमावशीनेही तिला सोबत म्हणून थोडं रडून घेतलं.

"दादा," स्टीवन म्हणाला, "मी मघाशी जे बोललो..."

"बोललास ते बोललास. उद्या बोलू. आता चूल फुंक, नवा शर्ट संभाळून."

एका बरणीत सगळ्यांना पुरेल का हा प्रश्न होता, तर आग्नेलने पपनसाचा रस वाढवायला सांगितला. राहिलेली पपनसं पुन्हा परातीत आली. जोआना रेशमी साडीचा पदर खोचून सोलायला बसली, आणि पांढरं नीट निघत नाही म्हणून कमळीमावशीचं ऐकून घेत राहिली. रिटा बापाच्या शेजारी पाटावर टेकली. मेंदीच्या हातांनी तिने एक फोड उचलली, पापुद्रा काढता काढता ती म्हणाली, "पप्पा, सरबत तुम्हीच द्या."

"कप वाजेल गं."

"वाजू दे."

"लोक बघतील."

"बघू दे ना, पप्पा," रिटा म्हणाली आणि तिने नाक ओढलं. ते सर्दीचं नव्हतं.

गोखिवऱ्याहून मॅटॅडोर आली तेव्हा नुकताच रस टोपात पडला होता. नमस्कार-चमत्कार झाले, प्रार्थना झाली, साखर दिली-घेतली, ॲन्सेल्मने अंगठी घालताना रिटाचं भलतंच बोट धरलं आणि सगळे हसले. मग आग्नेल टोपापाशी उभा राहिला. ओगराळं भरून त्याने पहिला कप स्वतःसाठी ओतला. ओटीवर एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत कप बशीवर वाजला. टिक, टिक, टिक. डेल्फिन भिंतीला टेकून उभी होती. तिला वाटलं, ही बशी आता खाली पडणार. पण ती पडली नाही. त्याने बशीतून कप उचलला, दोन्ही हातांत धरला, सगळ्यांसमोर घोट घेतला, गिळला, आणि मान डोलावली. मग दुसरा कप भरून त्याने व्याह्यांच्या हातात दिला.

सेबॅस्टियननी घोट घेऊन इकडेतिकडे पाहिलं. टोस्टची वाट बघत असावेत, कोण जाणे. मग त्यांनी कप वर केला.

"रिटा आणि ॲन्सेल्मच्या नावाने," ते म्हणाले, आणि लगेच, "काय काय घालता हो यात?"

"रस विस्तवावर घालायचा नाय," आग्नेल म्हणाला. "एवढंच. बाकी सगळं डेल्फिनला विचारा."

दुसऱ्यांदा कप मागणाऱ्यांना सरबत पुरलं नाही. जोआनाने ते सांगताना इतक्यांदा माफी मागितली, की पाहुण्यांना ती फारच आतिथ्यशील बाई वाटली.

मॅटॅडोर निघाली तेव्हा अजून पुरतं अंधारलं नव्हतं. आग्नेल सगळ्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला गेला होता. डेल्फिन स्वयंपाकघरात कप विसळत होती. टोपाच्या तळाशी राहिलेलं कपभर सरबत तिने झाकून ठेवलं होतं. अंगणात चपलांचा आवाज आला, मग दारात सावली पडली. तो नेहमीसारखा उभा राहिला, वाकला, तोंड तिच्यासमोर आणलं.

"हा."

डेल्फिनने हात पुसले. "ठीक" ओठांपर्यंत आलं होतं, तिने ते परत घेतलं.

"अहो, माझं नाक बंद हाय."

"हां?"

"नाताळपासून. कायच वास येत नाय मला."

तो अजून वाकलेलाच होता. सरळ व्हायला त्याला वेळ लागला. "मग दुपारी?" त्याने विचारलं. "टोपात?"

"कायच आला नव्हता."

"तू तर म्हनालीस, हाय."

"तुम्ही म्हणालात ना, हाय म्हणून."

आग्नेल तिच्याकडे बघत राहिला. मग तो दाराच्या उंबऱ्यावर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. त्याचे खांदे हलत होते. डेल्फिन जवळ गेली नाही. तिला स्वतःचाच भरवसा वाटत नव्हता. जवळ गेली असती तर तीही तिथेच बसली असती आणि कप तसेच राहिले असते. तिने झाकलेलं सरबत पुन्हा कोमट केलं नाही, तसंच कपात ओतलं आणि त्याच्या बाजूला ठेवलं. त्याने अर्धं प्यायलं, अर्धं तिला दिलं. तिला चव लागली नाही, फक्त आलं घशाला लागलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो केळीची पानं बाजारात देऊन परत आला. स्वयंपाकघराच्या दारात सवयीने थांबला. डेल्फिन भाकरी थापत होती, तिने मान वर केली.

मग न वाकताच त्याने चपला काढल्या आणि तो हातपाय धुवायला गेला.